देव, श्रद्धा आणि किनाऱ्यावरचे शेजारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले, की रात्रीची जेवणं आटोपल्यावर आमच्या पडवीत हा विषय हमखास निघतो. मुंबईत वाढलेली मुलं विचारतात, त्यांचे आईबाप विचारतात, कधी मुसलमान मोहल्ल्यातले माझे जुने विद्यार्थी येऊन बसतात आणि तेही विचारतात. मी देवळाच्या मानकऱ्यांच्या घरात जन्मलो आणि आयुष्यभर शाळेत शिकवलं. आपल्या किनाऱ्यावरची वेगवेगळ्या धर्मांची माणसं ‘देव’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नेमकं काय असतं, हे समजून घेण्यात बरीच वर्षं गेली. पडवीतले तेच प्रश्न इथे लिहून ठेवतो. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

गावात सातेरी, रवळनाथ, वेतोबा, घरात कुलदेवता, परड्यात राखणदार. मग देव नक्की किती?

हा प्रश्न मोजणीचा वाटतो, पण गावरहाटीत, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रीतीत, तो हद्दीचा आहे. ग्रामदेवता गावाची, कुलदेवता कुळाची, राखणदार त्या जागेचा. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि मानही ठरलेला. दक्षिण कोकणात सातेरी कितीतरी ठिकाणी मूर्तीच्या रूपात नसतेच. तिथे वारूळ असतं, जमिनीतून आपणहून वर आलेलं. ती भूमीच आहे, तिला वेगळा चेहरा कशाला हवा? वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची गस्त घालतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचा घड देतात. पूर्वी त्याची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, त्यामुळे तिथले लोक घरबांधणीला फणसाचं लाकूड वापरायचं टाळतात. हा देव आकाशात बसून विश्वाचा गाडा हाकणारा नाही. तो पायी चालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात.

त्याच गावातला माणूस संध्याकाळी हरिपाठाला बसतो, तेव्हा मात्र चराचरात भरून राहिलेल्या एकाविषयी बोलत असतो. सकाळी राखणदाराला नारळ ठेवला आणि संध्याकाळी ‘सर्वांभूती एकच’ म्हटलं, यात त्याला काही विसंगत वाटत नाही. शास्त्रकारांनी मात्र यावर शतकानुशतकं वाद घातला. शंकराचार्यांच्या अद्वैतात अखेरचं सत्य निर्गुण ब्रह्म आहे आणि जीव त्याहून वेगळा नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतात जीव तो जीव आणि ईश्वर तो ईश्वर, दोघं कधीच एक होत नाहीत. हा वाद पोथीत अडकलेला नाही. गौड सारस्वतांमध्ये कवळे मठाची मंडळी स्मार्त, म्हणजे अद्वैत परंपरेतली. पर्तगाळी मठाची मंडळी वैष्णव, म्हणजे द्वैत मानणारी. एकाच ज्ञातीत, एकाच किनाऱ्यावर देवाच्या स्वरूपाविषयी दोन परस्परविरोधी सिद्धान्त नांदतात. पूर्वमीमांसा आणि सांख्य ही तर अशी दर्शनं आहेत, की ज्यांना जगाचा कर्ता ईश्वर मानायची गरजच वाटली नाही, आणि तीही वैदिक परंपरेतलीच. तेव्हा ‘हिंदू किती देव मानतात’ असं कोणी विचारलं, तर आधी ‘कुठले हिंदू?’ असं विचारावं.

गाऱ्हाणं घालतात ते देवाला काही माहीत नसतं म्हणून का?

एका नववीतल्या मुलीने मला हे विचारलं होतं. देव सर्वज्ञ असेल तर त्याला सांगायचं कशाला? फार चांगला प्रश्न आहे.

गाऱ्हाणं नीट ऐका. ‘बा देवा म्हाराजा, सालाबादप्रमाणा ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो असा, तो मान्य करून घे. लेकराबाळांची राखण कर. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे.’ आणि सगळे मिळून म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ यातली नवी माहिती शून्य आहे. मुलगा मुंबईला नोकरीला लागला, हे देवाला ठाऊक नसेल असं घालणाऱ्यालाही वाटत नाही. गाऱ्हाण्यात तो देवासमोर आणि चारचौघांसमोर आपण कोण, कोणाचे, कशासाठी आलो हे उघड बोलतो. नातं बोलून दाखवावं लागतं, म्हणून तो ते बोलतो.

बाकीच्या धर्मांतही प्रार्थना अशीच आहे, हे मला पुढे कळलं. येशूने शिष्यांना शिकवताना सांगितलं, की तुम्ही मागायच्या आधीच पित्याला तुमच्या गरजा ठाऊक असतात. आणि लगेच त्याने त्यांना प्रार्थना शिकवली. मुसलमानांच्या नमाजेत ठरलेला मोठा भाग मागण्याचा नसून स्तुतीचा आणि शरणागतीचा आहे. स्वतःसाठी मागायची ती ‘दुआ’, तिच्यासाठी वेगळा शब्द आहे.

कौल लावणं ही श्रद्धा की अंधश्रद्धा?

पाषाणाला पाकळ्या लावायच्या, प्रश्न घालायचा आणि उजवा कौल पडतो की डावा ते पाहायचं. पालखी कधी काढायची, मानाचा तंटा कसा मिटवायचा, अशा गोष्टी गावाने पिढ्यानपिढ्या या रीतीने ठरवल्या. सगळ्यांनी आधीच मान्य केलेला निवाडा असतो, म्हणून पुढे भांडण वाढत नाही. त्याचं हे काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याला नावं ठेवायला मी तयार नाही.

पण आजाराचा प्रश्न कौलावर टाकू नका. हे मी कळकळीने सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतली एक बाई फुरसं हा विषारी साप चावून मेली. दवाखान्यात न्यायच्या आधी अर्धी रात्र मांत्रिकापाशी गेली होती. विंचवाचंही तेच. लाल विंचू चावलेली मुलं कोकणात दगावायची आणि लोक ‘देवाची मर्जी’ म्हणून गप्प बसायचे. महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. म्हणजे ती देवाची मर्जी नव्हती. आपल्याला उपाय ठाऊक नव्हता, एवढंच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं आहे. देवळातली पूजाअर्चा, जत्रा, पालखी यांवर त्या कायद्याने काहीही बंदी नाही. त्या मुद्द्यावर पसरलेली भीती खोटी आहे.

गणपती मातीचा, दीड दिवसाने पाण्यात सोडतो. मग आपण मातीलाच देव मानतो का?

याचं उत्तर तुमच्या घरातल्या पूजेतच आहे. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, मूर्ती डोक्यावर घेऊन आलात, पाटावर ठेवलीत, तोवर ती माती आहे. मग प्राणप्रतिष्ठा होते, मंत्राने देवाला बोलावलं जातं, ‘इथे येऊन राहा’ म्हणून. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा होते आणि मूर्ती हलवतात. त्या क्षणी तो पाहुणा निघाला. त्यानंतर पाण्यात जाते ती पुन्हा माती. पाहुणा आणि त्याला बसायला दिलेला पाट यांतला फरक आपल्या आजीलाही कळत होता, शास्त्र न वाचता.

तरीही ज्यू आणि इस्लाम धर्म याला मान्यता देत नाहीत, आणि त्यामागे त्यांचा विचार आहे. त्यांच्या मते जो कशासारखाच नाही, त्याला आकार देणं म्हणजे त्याला लहान करणं. म्हणून मशिदीत भिंतीवर अक्षरं दिसतात, चित्र नसतं. आपण म्हणतो तो इतका मोठा आहे की मातीतही येऊ शकतो. ते म्हणतात तो इतका मोठा आहे की कशातही मावत नाही. दोन्ही बाजूंना देव मोठाच आहे. पण म्हणून दोन्ही म्हणणी एक होत नाहीत.

मुसलमानांचा अल्ला आणि आपला देव वेगळे का?

‘अल्ला’ हा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थ देव, तो एकमेव देव. अरबी बोलणारे ख्रिश्चनही देवाला अल्लाच म्हणतात. म्हणून केवळ शब्दावरून वेगळा देव ठरत नाही.

देव कसा आहे, यात मात्र फरक पडतो. कुराणातला ‘इखलास’ हा अवघ्या चार आयतींचा अध्याय कोकणातल्या मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असतो. त्याचा आशय असा : तो एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही आणि सारे त्याच्यावर अवलंबून आहेत, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं काहीही नाही. यात अवतार बसत नाही आणि देवाचा पुत्रही बसत नाही. तो दयाळू आहे, न्यायी आहे, माणसाच्या मानेतल्या शिरेहूनही जवळ आहे. पण तो माणूस होत नाही.

कोकणी मुसलमान हे फार जुने रहिवासी. दहाव्या शतकात अल-मसुदी हा अरब प्रवासी चौल बंदरात आला, तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती होती. तलवारीच्या आधी इथे गलबतं आली होती. देशातले बहुसंख्य सुन्नी हनफी पंथाचे, तर कोकणातले बहुतेक शाफई पंथाचे. कारण त्यांचा धर्म अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर आला. याच किनाऱ्यावर, माहीमला, मखदूम अली माहिमी होऊन गेले (१३७२–१४३१). त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं. ते इब्न अरबी या सूफी विचारवंताच्या विचारांचे. खरं अस्तित्व एकाचंच, बाकी सारं त्याचं प्रकटीकरण, असा तो विचार. आपल्याला लगेच अद्वैत आठवतं, आणि साम्य आहेही. पण माहिमी शरियत पाळणारे विद्वान होते, पाच वेळा नमाज पढणारे. ‘मीच ब्रह्म’ हे वाक्य त्यांच्या तोंडी घालायची घाई करू नये.

मग दर्ग्यात नवस कसा चालतो?

यावर मुसलमानांतच मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, आम्ही पीराकडे मागत नाही. अल्लाकडेच मागतो, पीर फक्त मध्यस्थ. दुसरी बाजू म्हणते, मध्यस्थ मानणं हेच एकेश्वरवादाला धक्का लावणं आहे. माझ्या ओळखीतल्या एका घरात बाप उरसाला जातो आणि मुलगा जात नाही. दोघं एका ताटात जेवतात. बाहेरच्याने यात निवाडा देऊ नये, असं मला वाटतं.

ख्रिश्चन तीन देव मानतात का? येशू म्हणजे त्यांचा अवतारच ना?

नाही, तीन देव नाहीत. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींमध्ये. वसई-सावंतवाडीतले ख्रिस्ती यासाठी ‘त्रैक्य’ हा शब्द वापरतात. हे कोडं आहे आणि ते सुटावं अशी त्यांची अपेक्षाही नाही, ते त्याला रहस्यच म्हणतात. मरीया मातेला ते मान देतात, तिच्याकडे विनंती करतात, पण तिला देव मानत नाहीत. आठ सप्टेंबरला वांद्र्याच्या माउंट मेरीला जाणाऱ्या हिंदूंना हे अनेकदा ठाऊक नसतं.

अवताराच्या प्रश्नावर जरा थांबू या, कारण इथे आपल्या भाषेचा एक मोठा इतिहास आहे. थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, पुराणाच्या घाटात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती तोडून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी देवाला परमेश्वर म्हटलं आणि स्वर्गाला वैकुंठ. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने आपल्या शब्दांत स्वतःचा देव बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा काय अडचण आली असेल याचा विचार करा. ‘वैकुंठ’ म्हटलं की ऐकणाऱ्याला शेषशायी दिसणार. ‘अवतार’ म्हटलं की दहांतला आणखी एक वाटणार. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचं घरही येतं.

आणि अडचण खरी आहे. आपला विष्णू पुन्हा पुन्हा येतो, धर्माला ग्लानी येईल तेव्हा. ख्रिस्ती श्रद्धेत देव एकदाच माणूस झाला, एका ठरावीक काळात, एका ठरावीक गावात. तो उपाशी राहिला, रडला, क्रुसावर खरोखर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. ‘एकदाच’ या शब्दावर त्यांची सगळी श्रद्धा उभी आहे. म्हणून येशूला अकरावा अवतार म्हणणारा हिंदू मोठ्या मनाने बोलत असला, तरी ख्रिस्ती शेजाऱ्याला त्यात आपली मूळ गोष्टच हरवलेली दिसते.

अलिबागकडचे बेने इस्रायली कोण? ते कोणत्या देवाला मानतात?

ते ज्यू आहेत, आणि घरात मराठी बोलत आले. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि या मुलखात राहिली. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद. म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, दिवेकर, नवगावकर, चौलकर ही त्यांची आडनावं, गावावरून पडलेली, तुमच्या-आमच्यासारखीच.

या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. कितीतरी काळ त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते. इतर ज्यूंशी संबंध तुटलेला. त्यांनी जपलं ते एवढंच : शनिवारचा विसावा, सुंता, खाण्याचे नियम, आणि ‘शेमा’. देव एक आहे, हे सांगणारं ते वाक्य. देवाचं खरं नाव उच्चारायचं नाही, त्याची मूर्ती करायची नाही. भोवती देवळं, पालख्या, जत्रा असताना हे लोक शेकडो वर्षं आकार नसलेल्या, नाव न घेता येणाऱ्या एका देवाला धरून राहिले, आणि तेही कोणाशी वैर न करता.

त्यांचा मलिदा पाहण्यासारखा असतो. ताटात गूळखोबऱ्याचे पोहे, भोवती फळं, आणि एलियाहू संदेष्ट्याची आठवण. एलियाहू आपल्या किनाऱ्यावर आला होता आणि अलिबागजवळच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, असं ते मानतात. पूजा एलियाहूची नाही बरं का, आभार देवाचे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही केली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर, अजून आहे.

बौद्ध देव मानत नाहीत. मग वंदना कोणाची करतात?

‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना कोणी बुद्धाकडे काही मागत नाही. बुद्ध हा मार्ग दाखवणारा माणूस. जगाचा कर्ता ही कल्पना बुद्धाच्या शिकवणीत नाही. जुन्या पाली ग्रंथांत देव येतात, पण तेही जन्ममरणाच्या फेऱ्यातलेच, सुटका न झालेले. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि कारण काढता येतं, हा त्या शिकवणीचा कणा.

आपल्याकडे हा विचार बाहेरून आलेला समजू नका. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. कुडा, महाडचं गांधारपाले, कान्हेरी ही सारी बौद्ध लेणी बंदराच्या व्यापारावर उभी राहिली. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. आधी जुने बौद्ध, पुढे वज्रयान हा बौद्धांचाच तांत्रिक पंथ, आणि मग नाथपंथीयांनी त्याच खडकात आपली जागा केली.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. महाडचं चवदार तळं आपल्याच जिल्ह्यांतलं, तिथला बाबासाहेबांचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची होती. बौद्धवाडीतल्या घरात ही प्रतिज्ञा जपली जाते, तेव्हा काही सवर्ण शेजाऱ्यांना ती आपल्या देवाचा अपमान वाटते. त्यांनी एक आठवावं : ज्या देवळाची पायरी शिवू दिली नाही, त्यातला देव मी मानणार नाही, असं म्हणणारा माणूस अपमान करत नाही. झालेल्या अपमानाला उत्तर देतो. दापोली तालुक्यातल्या पालगडात जन्मलेल्या साने गुरुजींना हे कळलं होतं. म्हणून तर १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं यासाठी ते उपोषणाला बसले.

जैन आणि पारशी?

जैनही जगाचा कर्ता मानत नाहीत. तीर्थंकर हे कर्मबंधातून सुटलेले जीव. त्यांच्यापुढे हात जोडायचे ते तसं होण्यासाठी, काही मिळवण्यासाठी नाही.

पारशी एका अहुर मज्दाला मानतात. अग्नी हा त्यांचा देव नव्हे, त्याच्या साक्षीने ते प्रार्थना करतात. डहाणूकडच्या बहारोटच्या गुहांत त्यांनी पवित्र अग्नी लपवून सांभाळला, अशी त्यांची परंपरा आहे. आणि कान्हेरीच्या बौद्ध लेण्यात पारशी पाहुण्यांनी १००९ मध्ये पहलवी लिपीत कोरलेली आपली नावं आजही आहेत. दुसऱ्याचं पवित्र स्थान पाहायला हजार वर्षांपूर्वीही माणसं जात होती.

पण शेवटी सगळे देव एकच ना?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं. मीही बरीच वर्षं वर्गात ‘हो’ म्हणत आलो. एकदा मोहल्ल्यातला एक माजी विद्यार्थी, आता चांगला मोठा, घरी आला आणि हळूच म्हणाला, ‘सर, तुम्ही सगळं एकच म्हणता ना, तेव्हा आमचं म्हणणं ऐकायचं राहूनच जातं.’ मला रात्रभर झोप आली नाही.

त्याचं खरं होतं. ‘सगळं एकच’ हा सिद्धान्त आमच्या बाजूचा आहे, अद्वैताच्या अंगणातला. तो दुसऱ्यावर घालताना आपण त्याला विचारत नाही. अल्लाने कोणाला जन्म दिला नाही असं मानणारा, देवाचा पुत्र क्रुसावर मेला असं मानणारा, आणि कर्ता नाहीच असं मानणारा, हे तिघं एकच बोलत नाहीत. त्यांना एकच बोलताहेत असं म्हणणं म्हणजे तिघांचंही न ऐकणं.

मग विनोबांचं काय, असं कोणी विचारतं. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांनी सर्व धर्मांतली देवाची नावं गुंफून प्रार्थना रचली. तिच्यात राम, रहीम, मज्द, येशूपिता, बुद्ध सारे येतात. पण विनोबांनी कुराण वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली, त्यातली निवडक वचनं संकलित केली, बायबलचं सार काढलं. इतकं ऐकून झाल्यावर त्यांनी ती नावं एकत्र ओवली. आपण ऐकायच्या आधीच ओवतो.

माझं आजचं मत असं : एकत्र राहायला एकच मानावं लागत नाही. रत्नागिरीजवळ हातीस गावात पीर बाबरशेखांचा उरूस हिंदू गावकरी पुढे होऊन भरवतात. तिथे कोणी तत्त्वज्ञानाचा मेळ घालत बसत नाही. पीर पीरच राहतो, गावदेव गावदेवच.

देव आहे, तर तळीये का झालं?

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर खाली आला, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. त्याआधी निसर्ग, तौक्ते ही वादळं. त्याही आधी २००९ चं फयान, ज्यात समुद्रावर गेलेल्या कितीतरी होड्या परतल्या नाहीत. हा प्रश्न विचारणारा वाद घालायला आलेला नसतो. त्याचं कोणीतरी गेलेलं असतं.

धर्मांनी दिलेली उत्तरं सांगतो. कर्मसिद्धान्त म्हणतो, काहीही अकारण नाही. पारशी म्हणतात, वाईट देवाकडून येतच नाही, ते त्याच्या शत्रूकडून येतं आणि माणसाने देवाच्या बाजूने लढायचं असतं. मुसलमान मरणाची बातमी ऐकताच म्हणतात, आम्ही अल्लाचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. बुद्धाने मुलाचं प्रेत घेऊन आलेल्या आईला ज्या घरात कोणी मेलं नाही तिथली मोहरी आणायला सांगितलं. तिला उत्तर मिळालं नाही, पण दुःखात आपण एकटी नाही हे दारोदार फिरून कळलं.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती ज्यूंच्या ग्रंथातली ईयोबाची गोष्ट, जी ख्रिस्तीही वाचतात. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र येऊन त्याला समजावू लागले, की तू काहीतरी पाप केलं असणार. ईयोब ऐकेना. तो देवाशीच भांडला. आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत म्हणून. भांडणाऱ्या ईयोबावर तसा कोप झाला नाही.

म्हणून कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आणि मी स्वतःही तो मानत आलो आहे. तो स्वतःच्या दुःखापुरता ठेवा. ज्याचं घर डोंगराखाली गेलं त्याच्या दारात जाऊन ‘मागच्या जन्मीचं’ असं म्हणू नका. तिथे भांडी घासा, पाणी भरा, गप्प बसा. नेमकं कारण माझ्याजवळ नाही, आणि ज्यांनी ते आहे असं सांगितलं त्यांच्या सांगण्याने कोणाचं रडणं थांबलेलं मी पाहिलं नाही.

देव न मानणारा माणूस चांगला असू शकतो का?

असू शकतो, आणि आपल्या किनाऱ्याने तशी माणसं दिली आहेत. संततिनियमनासाठी सारं आयुष्य झिजवणारे र. धों. कर्वे मुरूडचे, पक्के बुद्धिवादी. त्यांना कोणी देवाची भीती घातली नव्हती, तरी ते दुसऱ्यांच्या बायकांचे जीव वाचावेत म्हणून नोकरीला मुकले. संविधानाचं २५ वं कलम धर्माच्याही आधी सद्‌सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य सांगतं; त्यात न मानणाराही आला.

दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळी गेल्यावर कसं वागावं?

डोकं झाकायचं का, चपला कुठे काढायच्या, हे तिथल्या माणसाला विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, वेळी पवित्र भाकर वाटतात, ती बाहेरच्याने घ्यायची नसते. तो प्रसाद नव्हे. दर्ग्यात दिलेली साखर घेतली तरी चालते. आणि जे मनात नाही ते तोंडाने म्हणू नये.

आमच्या शिमग्यात पालखी मोहल्ल्यात जाते. हे धर्मात बसतं का?

आमच्या गावची तरी जाते. मशिदीच्या कोपऱ्यावर आली की ढोल थांबतात. पालखी पुढे जाऊन एका जुन्या घरासमोर टेकते, त्या घरात पिढ्यानपिढ्या मान आहे. घरातला थोरला बाहेर येतो. घाडी, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेला माणूस, गाऱ्हाणं घालतो, त्या घरासाठीही घालतो, नावानिशी. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तो म्हणत नाही, आणि त्याने म्हणावं असं आमच्यातल्या कोणी कधी सुचवलेलंही नाही. तो दोन्ही हातांनी मानाचा नारळ घेतो, आत नेऊन देतो आणि सगळ्यांना सरबत द्यायला सांगतो. मग पालखी उचलतात. कोपऱ्यापलीकडे गेल्यावर ढोल पुन्हा सुरू होतात.